अप्पांचे आकडे

पडद्यावर दोन आलेख होते. डावीकडचे ठिपके संगणकाने वाटेल तसे टाकलेले, उजवीकडचे तिच्या वडिलांच्या रक्तदाबाचे.

“जित्याजागत्या माणसाचे आकडे असे विस्कटलेले नसतात,” ती संख्याशास्त्राच्या वर्गाला कौतुकाने सांगत होती. “अप्पा रोज सकाळी स्वतः मोजतात आणि मला फोनवर सांगतात. त्यात अंगाची एक लय दिसेल. बघा.”

वर्गाने बघितलं.

“मॅडम,” पुढच्या बाकावरची मुलगी चाचरत म्हणाली, “लय कुठंय? दोन्ही सारखेच दिसतायत. अप्पांनीही मनानेच ठोकून दिलेत की काय?”

वर्ग खो खो हसला. सकाळी घाईत काढलेला आलेख तिने आत्ता कुठे नीट पाहिला. मुलीचं बरोबर होतं. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

आई गेल्यावर तिने अप्पांना एकाच अटीवर एकटं राहू दिलं होतं: रोज रक्तदाब कळवायचा. ती अटही त्यांनी थापा मारून निभावली होती.

दोन्ही आलेख एका कागदावर छापून घेऊन ती तडक त्यांच्या घरी गेली. बेल वाजवून घुम्यासारखी उभी राहिली. अप्पांनी दार उघडलं.

“कोण?”

“आता पोटची पोरगीही ओळखू येत नाही?”

“मिठाची गुळणी धरून उभी राहिलीस, तर कशी ओळखणार?” ते हसले.

ती हसली नाही. “रक्तदाब रोज मोजता?”

“न चुकता.”

“अप्पा, खरं सांगा. भर वर्गात लाज गेली माझी.”

अप्पांचा चेहरा उतरला. ते खुर्चीचा हात चाचपत बसले. “नाही मोजत. ते यंत्र काही जमत नाही मला.”

“मग सांगायचं ना तसं! लहान पोरासारखं खोटं बोलायचं? या वयात शोभतं का?”

“चुकलं बाई. हवं तेवढं बोल. पण मला इथून हलवू नकोस.”

“आधी हे तुमचे प्रताप बघा.” तिने कागद त्यांच्या हातात कोंबला. “यातला तुमचा कुठला?”

अप्पांनी कागद उलटसुलट केला, लांब धरला, डोळे बारीक करून बराच वेळ न्याहाळला.

“हा,” त्यांनी ओशाळून बोट ठेवलं. “चांगलंच पकडलंस की.”

ती कागद परत घ्यायला पुढे झाली. दोन्ही आलेख तिच्याकडे तोंड करून होते. अप्पांचं बोट कागदाच्या कोऱ्या बाजूवर होतं.