रुजू झाल्याची तारीख

दोन रेल्वे कंपन्या एक होणार हे ठरलं, आणि माझ्या बायकोला, मार्लिसला, डायलिसिसला नेताना दर वेळी तिचा एकच प्रश्न, "यादी लागली का?"

दोन्हीकडच्या इंजिन ड्रायव्हरांची एकच यादी होणार होती, रुजू झाल्याच्या तारखेने. नेब्रास्कातल्या आमच्या गावच्या यार्डात दिवसपाळीची जागा मात्र एकच उरणार होती. यादीत वर असेल त्याला ती मिळणार. खालच्याने फोन वाजेल तेव्हा मालगाडी घेऊन निघायचं आणि दोन-दोन दिवस घराचं तोंड बघायचं नाही.

आज यादी लागली. दुसऱ्या कंपनीतला माझा धाकटा भाऊ कर्ट शेजारी उभा राहून नावांवरून बोट फिरवत होता. त्याचं नाव एकशे बारावं, माझं एकशे तेरावं. त्याची तारीख चार मे, माझी पाच मे.

कर्टचा चेहरा उतरला. "एका दिवसाने? ड्वेन, लेका, तारीख एकच असती तर वयाने मोठा म्हणून तू वर असतास. आता मार्लिसला दवाखान्यात कोण नेणार?"

त्याने पुन्हा माझ्या तारखेवर बोट टेकवलं.

"तुझं नशीबच फुटकं. तुलाही चार तारखेलाच बोलावलं असतं तर काय बिघडलं असतं त्यांचं?"

"चारलाच बोलावलं होतं."

"मग?"

"त्या सकाळी तुझी गाडी सुरू होत नव्हती, आणि तुला ऐंशी मैलांवर हजर व्हायचं होतं."