शनिवारचे तीन तास

सूचनाफलकासमोर उभं राहून तिने यादीतल्या शेवटच्या दोन ओळी तीनदा वाचल्या. तळ्यावरच्या पक्ष्यांची वर्षभर नोंद ठेवण्याचं काम, मुलाखतीला बोलावलेले उमेदवार. सातव्या क्रमांकावर तिचं नाव होतं. त्याखालीही सातचाच आकडा होता आणि त्यापुढे भिंगरीचं नाव.

आकडा कारकुनाने घाईत चुकवला असेल. नाव मात्र चुकलेलं नव्हतं.

भिंगरी तिची वसतिगृहातली खोलीसोबतीण. एका जागी पाय ठरत नाही म्हणून भिंगरी. आणि मिनिट मिनिट मोजून जगते म्हणून हिला सगळे टिकटिक म्हणत. पहाटे शिकवण्या, दिवसभर प्रयोगशाळा, संध्याकाळी ग्रंथालय. दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी भिंगरीने तिच्या हातातलं पुस्तकच काढून घेतलं होतं.

"ऊठ. तळ्यावर जाऊ."

"वेड लागलंय का तुला? सोमवारी परीक्षा आहे."

"तीन तास. बसने वीस मिनिटं. साडेनऊला तू परत टेबलाशी. एक मिनिट उशीर झाला तर महिनाभर तुझे कपडे मी धुईन."

कपडे धुवायची वेळ भिंगरीवर कधी आली नाही. पण तेव्हापासून शनिवार सकाळचे तीन तास ठरूनच गेले. कधी तळं, कधी बंद पडलेली दगडाची खाण, कधी नुसताच पंपघरामागचा बांध. सोबत थर्मासमधला चहा, चार उकडलेली अंडी आणि एका काचेला तडा गेलेली दुर्बीण. भिंगरी पाण्यात पाय सोडून बसायची. टिकटिकला रिकामं बसवेना, म्हणून ती मोजायला लागली. किती बगळे, किती पाणकावळे, कोण कधी आलं. तीन वह्या भरल्या.

म्हणून ही जाहिरात आली तेव्हा कुणी आपल्याच मापाने शिवून ठेवलीय असं तिला वाटलं. वर्षभर काम, पगार आणि पलीकडच्या काठावर राहायला छोटं घर.

"तूही भर ना अर्ज," ती भिंगरीला म्हणाली होती. म्हणायचं म्हणून.

"मी? वर्षभर पाणकावळ्यांबरोबर? छे गं. मामाच्या छापखान्यात माझी नोकरी ठरलीये. पुढच्या महिन्यापासून."

आणि आता हे.

तिने खिडकीतल्या कारकुनाला विचारलं.

"हो, शेवटच्या दिवशी आल्या त्या. मी खिडकी लावत होतो," तो म्हणाला. "आत मॅडमशी बोलल्या, सही केली. मैत्रिणीला एवढ्यात कळू देऊ नका म्हणाल्या. आता मीच बोलून बसलो बघा."

ती जिना उतरू लागली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. दर शनिवारी परतताना बसमध्ये भिंगरी म्हणायची, "वाच की आज काय काय लिहिलंस." आणि ही वेडी वाचून दाखवायची. तिला वाटायचं, मैत्रिणीला कौतुक आहे.

निघताना ती पुन्हा फलकापाशी थांबली. यादीखाली एक चिठ्ठी डकवली होती. मुलाखती उद्या दुपारी तीनऐवजी सकाळी नऊ वाजता.

संध्याकाळी भिंगरी घरून परतली. तिचा चेहरा उतरला होता.

"काय झालं?"

"काही नाही. मामाला जरा समजवायला गेले होते. चिडलाय." तिने पिशवी कॉटवर टाकली. "तुझी मुलाखत उद्या तीनलाच ना?"

टिकटिकने पुस्तकातून मान वर केली नाही. "तीनलाच."

"तुला एक सांगायचंय. पण आता नको, उद्या सांगते. सकाळी तळ्यावर जायचं?"

"मला वाचायचंय. तू जाऊन ये. पलीकडच्या काठाला करकोचे उतरलेत म्हणे." त्या काठाला फोन लागत नाही, हे दोघींना ठाऊक होतं. "तीन तासांचा तर प्रश्न आहे."

"तुझ्याशिवाय मजा नाही," भिंगरी म्हणाली. तरी सकाळी थर्मास भरून गेली. जाताना दार हळूच ओढून घेतलं, हिची झोपमोड नको म्हणून. ही जागीच होती.

नऊ वाजता शिपायाने यादी खालून वर घ्यायला सुरुवात केली आणि पुकारलं, "क्रमांक सात."

टिकटिक आत गेली. टेबलापलीकडे विभागाच्या मॅडम आणि आणखी दोघे बसले होते. मॅडमनी तिच्या मागे, दाराकडे पाहिलं.

"तुमची मैत्रीण कुठे आहे?"

हा प्रश्न येणार हे तिने धरलंच होतं. उत्तरही रात्रीच घोटून ठेवलं होतं.

"ती येणार नाही, मॅडम. तिची दुसरीकडे नोकरी ठरलीये. या कामात तिला तसा रस नाही."

"असं तिने स्वतः सांगितलं?"

"हो."

मॅडमनी शेजारच्या दोघांकडे पाहिलं, मग समोरच्या अर्जावर तिरकी रेघ ओढली. टिकटिक मन लावून त्या रेघेकडे बघत राहिली. वाईट वाटेल असं तिला वाटलं होतं, वाटलं नाही.

"या तुम्ही," मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे? माझी मुलाखत?"

"तुम्हाला खरंच काही माहीत नाही?" मॅडमनी चष्मा काढला. "त्या घरात एकटीला ठेवायचं नाही, असं यंदा ठरलं. एकेकट्यांचे अर्ज बाद होणार होते, तुमचाही. ते कळवायला माणूस पाठवला, तेव्हा तुम्ही ग्रंथालयात होतात, खोलीवर त्या होत्या. तशाच धावत इथे आल्या आणि तुमच्याच अर्जावर जोडीदार म्हणून सही केली. ठरलेली नोकरी सोडतेय असंही लिहून दिलं, आणि हे आधी कळलं तर तुम्ही सोडू देणार नाही, म्हणाल्या."