अठ्ठावीस तारखेची ओळ

सरूचे उपास, समईच्या वाती, बीपीची गोळी, डोलवीच्या कंपनीत जाणाऱ्या नवऱ्याचा डबा, सगळं लेकीने तिच्या फोनमध्ये घालून दिलं होतं. वेळ झाली की फोन आठवण करून द्यायचा. तेव्हापासून सरूचा एकही नेम चुकला नव्हता.

आज अठरा तारीख. संकष्टी कधी आहे ते बघताना तिला अठ्ठावीसला एक ओळ दिसली: ‘सुतक फिटले. देव धुऊन दिवा लावणे.’

तिने रोह्याला लेकीला फोन लावला. “सुरभे, हे तू घातलंस?”

“नाय गो आई. असलं अभद्र कशाला घालीन? पुसून टाक.”

सरूने पुसलं. ओळ परत आली.

सुतक दहा दिवसांचं. तिने सत्तावीसपासून बोटांवर मागे मोजलं. दहावं बोट आजच्या तारखेवर आलं.

मग तिने उद्याची यादी उघडली. गोळी होती. वाती थेट अठ्ठावीसला होत्या. डबा मात्र उद्यापासून कुठेच नव्हता.

“सरू गो, डबा दे,” केरू दारातून म्हणाला. “शिफ्ट चुकल माझी.”

तिने डबा पुढे केला. त्याने धरला, हसून ओढला. सरूची बोटं काही सुटेनात.