मुदतीआधी

श्रीपादने खड्डा खणला आणि त्याची धाकटी बहीण नलू त्याच्या बागेसाठी आणलेलं सोनचाफ्याचं रोप त्यात बसवू लागली. गेल्या महिन्यात तिने नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी पैसे मागितले, तेव्हा तो "हात तंग आहे गं" म्हणाला होता. शेवटी तिने पाटल्या मोडल्या. बायकोला त्याने यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

बायको पेढे घेऊन बाहेर आली. "वन्सं, तोंड गोड करा. घराचं कर्ज पाच वर्षं आधीच फिटलं. यांनी गेल्या महिन्यात सगळी रक्कम एकदम भरली. आता भाऊबीजेला मागा काय हवं ते."

नलूचे हात क्षणभर मातीतच थांबले. मग ते झटकून तिने पेढा घेतला.

"ठाऊक आहे, वहिनी. दादाने तेव्हाच सांगितलं मला."

श्रीपादला मान वर करता येईना.