कुटुंबातील व्यक्ती निवडा

टॅबच्या पडद्यावर चेहरे उमटले, गोल गोल, एकाखाली एक. वर लिहिले होते : कुटुंबातील व्यक्ती निवडा. रुतिकाने वडिलांच्या चेहऱ्यावर बोट ठेवले, मग आईच्या, भावाच्या, वहिनीच्या. प्रत्येक स्पर्शासरशी एक निळी खूण उगवत गेली. शेवटच्या ओळीत तिच्या संघर्षचा चेहरा होता. यंत्राने तो फोटोंच्या ढिगातून वेचून आणला होता आणि घरच्यांच्या रांगेत निमूट बसवला होता. त्या यंत्राला कुणी काही शिकवले नव्हते.

संघर्षच्या नावडे गावातल्या घरात भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. इथे, घणसोली गावातल्या या घरात, एकवीरा आईची. या दोन भिंतींमधले अंतर रुतिकाला ठाऊक होते. समाजाबाहेर लग्न केलेल्या पुतणीच्या हळदीला बाबा गेले नव्हते. कितीतरी महिने एक वाक्य तिच्या ओठांपर्यंत येऊन परतत होते. आज ते एका बोटाच्या अंतरावर होते.

तिने बोट टेकवले.

"जालं का गो बाय तुजं?" सोफ्यावरून चांगदेव ओरडले.

"झालं, बाबा."

घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले फोटो कल्पेशने, तिच्या मोठ्या भावाने, एकाच खात्यात साठवायला लावले होते. कुणी न पाहिलेल्या कुठल्याशा कोठारात ते वर्षानुवर्षे पडून होते. आता टीव्हीशेजारी उभ्या केलेल्या या टॅबवर त्यांतले निवडलेल्या चेहऱ्यांचे फोटो एकेक करून घरी परतणार होते. शेजारच्या इमारतीची भिंत खिडकीपासून हातभर अंतरावर. दुपारीही खोलीत सावली असे. त्या सावलीत पहिला फोटो उजळला.

कल्पेशची हळद. गर्दीच्या मधोमध चांगदेव, दोन्ही हात वर, टोपी हवेत.

"आवो बगा, यो तुमचा नाच!" चंद्राबाई टाळ्या पिटत म्हणाल्या.

"नाच कसला? पोलीस यायचे बाकी होते," कल्पेश म्हणाला.

"तुजी हलद व्हती म्हनून नाचलो. नायतर मना काय हौस?"

मग अलिबागचा समुद्र, आणि समुद्रापुढे डोळे मिटलेल्या चंद्राबाई.

"दर टायमाला माजेच डोले मिटलेले. मुद्दाम काडता काय रं?"

"आई, तू फोटोतच तेवढी झोपतेस. घरात कुठं टाइम मिळतो तुला?"

खोली हसण्याने भरून गेली. रुतिकाही हसली, पण तिचे कान स्वतःच्याच छातीतल्या ठोक्यांनी भरले होते. एक फोटो विझत आणि दुसरा उमलत असताना पडदा क्षणभर काळा होई. त्या काळ्या क्षणात ती प्रत्येक वेळी उंच कड्यावर उभी राही. आता. नाही, वहिनीची ओटी. आता. नाही, ताटातल्या पापलेटावर वाकलेला कल्पेश. तो यावा असे तिला वाटत होते आणि आणखी थोडा उशीर व्हावा असेही. तिच्या मनात एकच फोटो होता, तिनेच काढलेला : खाडीकाठच्या सागर विहारच्या कठड्याला टेकून हसणारा संघर्ष.

पडदा काळा झाला. आणि संघर्ष आला.

पण कठडा नव्हता, खाडी नव्हती. वाशीतल्या चष्म्याच्या दुकानात, जिथे तो काम करी, काउंटरमागून पुढे वाकून तो एका म्हाताऱ्याच्या नाकावर नवा चष्मा बसवत होता. इतका हळुवार, की त्या म्हाताऱ्यानेही श्वास रोखलेला दिसत होता. फोटो बाहेरून, रस्त्यावरून, दुकानाच्या काचेतून घेतलेला. रुतिकाने तो कधीही पाहिला नव्हता.

"यो कोन गो?" चंद्राबाईंनी विचारले. "आपल्या फोटोंत कसा आला?"

कल्पेशने बहिणीकडे पाहिले आणि नजर वळवली. रुतिका उठून उभी राहिली. वाक्य ओठांपर्यंत आले आणि या वेळी परतले नाही.

"हा संघर्ष आहे, आई. मला याच्याशी लग्न करायचंय."

फोटो जागचा हलला नाही. निदान तिला तरी तसे वाटले.

"कोनाचा?" चंद्राबाईंचा आवाज अगदी खाली उतरला होता. उत्तर मिळण्याआधीच त्यांना ते नावातून कळले होते. "आनि ह्या फोटो बिटो काडून तू..."

"हा मी नाही काढलेला."

"मग कुनी काडला?"

कल्पेश टॅबजवळ गेला. वाकला. मग त्याच्या खांद्यांना एक हलका कंप सुटला. तो हसू दाबत होता. त्याने बाजूला सरून आईला जागा करून दिली.

दुकानाच्या काचेवर, संघर्षच्या पांढऱ्या शर्टावर पसरलेले, पुसट पण ओळखू येण्याइतके, एक प्रतिबिंब होते. अर्ध्या बाह्यांचा चौकड्यांचा सदरा. छातीशी दोन्ही हातांत घट्ट धरलेला फोन. एक डोळा मिटून नेम धरल्यासारखा चेहरा.

सगळे सोफ्याकडे वळले.

चांगदेव खिडकीबाहेर पाहत होते, जिथे शेजारच्या भिंतीखेरीज काहीही नव्हते.

"डोले दाखवाला गेलो व्हतो," ते म्हणाले.

"रस्त्यावरून?" कल्पेशने विचारले.

चंद्राबाई नवऱ्याकडे पाहत राहिल्या.

चांगदेवांनी घसा साफ केला. पडद्याकडे, मग पहिल्यांदाच लेकीकडे पाहिले.

"नीट नाय आला फोटो. काच मधी आली." ते थांबले. "घरी आन त्याला. पुना काडू."