फोटोपुरती खेळणी

"एक जरी खेळणं तुटलं, तर जबाबदार तुम्ही," असं पर्यवेक्षिका मॅडमनी बजावल्यापासून अंगणवाडीतली खेळण्यांची पेटी कुलपात असायची. दर सोमवारी उज्ज्वलाताई मुलांना खेळणी द्यायच्या, फोटो काढून मॅडमना पाठवायच्या आणि खेळणी परत घ्यायच्या. सुरुवातीला मुलं रडायची. एक फोटो तर बातमीपत्रातही झळकला, 'खेळातून शिक्षण' म्हणून.

आज मॅडमची बदली झाल्याचं कळलं आणि ताईंनी अख्खी पेटी सतरंजीवर पालथी केली. "घ्या रे, हवं तेवढं खेळा."

मुलांनी एकेक खेळणं उचललं. मग ती नेहमीसारखी ओळीत बसली आणि ताईंकडे बघून हसत राहिली.

"अरे, खेळा ना."

कुणी हललं नाही. बाहुली उंच धरलेली शिवन्या हसू न मोडता म्हणाली, "ताई, लवकर काढा ना फोटो. हात दुखतोय."