चुंबळ

"सर, यांच्या डोक्यावर चुंबळ काढायची राहिली," केर काढता काढता चित्रापुढे थांबून कौतिकबाई चित्रकाराला म्हणाल्या.

चित्रात साल २१२५ होतं. आकाशात घरं तरंगत होती, पंख फुटलेले पुरुष ढगांवर लोळत होते आणि खाली कोरड्या समुद्राच्या तळावरून बायकांची रांग डोक्यावर चंद्राएवढे हंडे घेऊन चालली होती. दुपारी चित्र प्रदर्शनाला जायचं होतं.

"शंभर वर्षांनंतरचं आहे, बाई. कल्पना आहे ही."

"असू दे. हंडा तेव्हाही डोक्यात रुतणारच."

चित्रकारानं हसत ब्रश उचलला आणि प्रत्येकीच्या हंड्याखाली कापडाची चुंबळ रंगवली. "आता झालं?"

कौतिकबाई आधी रांगेकडे, मग ढगांकडे बघत राहिल्या. "समुद्रसुद्धा आटवलात तुम्ही. पाणी मात्र आम्हीच आणायचं."

त्यानं पुन्हा ब्रश उचलला. मग एका पंखवाल्यावर त्यानं ढग फासला, त्यालाच रांगेच्या शेवटी उभं केलं, डोक्यावर हंडा दिला आणि चुंबळीसाठी पिवळा रंग घेतला.

"त्याला नको," कौतिकबाई केरसुणी उचलत म्हणाल्या. "पहिला दिवस आहे. कळू दे जरा."